तेलाचा स्वभाव ओळख, पोरी

पोरी, वऱ्हाडातल्या भातकुलीत तुझा संसार मांडून झाला. स्वयंपाकघर तुझं, गोठा तुझा आणि वावराकडेही आता तुलाच बघायचं आहे. या तिन्ही ठिकाणी रोज तुझी गाठ तेल, तूप, लोणी, चरबी आणि मेण यांच्याशी पडणार. एका नावानं त्यांना स्निग्ध पदार्थ म्हण, पुस्तकातलं नाव हवं तर लिपिड म्हण. त्यांचे दोन स्वभाव कधी बदलत नाहीत. एक, पाण्याशी त्यांचं जमत नाही. दोन, हवा, ऊन आणि उष्णता लागली की ते बिघडतात. पहिल्या स्वभावावर आपला जीव उभा आहे, दुसऱ्यामुळे दवाखाना दिसतो. तू हुशार आहेस, पण घाईची आहेस. म्हणून आत्याचं हे सगळं सावकाश वाच, आणि वाचून झालं की फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेव.

आधी स्वभाव

१. तेल वेगळं आणि तूप वेगळं असं समजू नको — दोन्हींत ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात; फरक असतो तो साखळ्यांत.

२. थंडीत खोबरेल गोठलं म्हणून दुकानदाराशी भांडायला निघू नको — ते २४ अंशांच्या आसपास गोठतंच, आणि भातकुलीची पौषातली पहाट त्याहून बरीच गार असते. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि लवकर गोठतात. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो आणि तेल पातळ राहतं. अठरा कार्बनचं सरळ स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळतं, तेवढ्याच लांबीचं पण एक बाक असलेलं ओलेइक आम्ल १३-१४ अंशांनाच.

३. ‘चरबी’ म्हटलं की नाक मुरडू नको — तुझ्या अंगातल्या प्रत्येक पेशीचं आवरण स्निग्धाचंच आहे. फॉस्फोलिपिड नावाच्या या रेणूंचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. मग पंगतीत पाठीला पाठ लावून दोन ओळी बसाव्यात तसे ते बसतात : तोंडं दोन्हीकडच्या पाण्याकडे आणि पाठी आत. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतला स्निग्ध भाग काढून पसरला, तेव्हा तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. दोन ओळींचा अंदाज तिथून आला.

४. शक्ती साठवायला शरीरानं तेलच निवडलं हे विसरू नको — एक ग्रॅम स्निग्धातून ९ किलोकॅलरी मिळतात, पिठातून किंवा डाळीतल्या प्रथिनांतून ४. सरकी, तीळ, जवस आपल्या कोंबाची शिदोरी तेलातच बांधतात, आणि आपलं शरीर जास्तीचं सगळं कंबरेभोवती बांधतं. *बियाला तेल शिदोरी, बसल्याला ओझं.*

आणताना आणि साठवताना

५. स्वस्त पडतं म्हणून पंधरा किलोचं पिंप उचलून आणू नको — उघडल्या दिवसापासून त्यात हवा शिरते आणि शेवटचं चार किलो खवट होईपर्यंत तू ते पुरवून वापरत राहतेस.

६. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला तीन लिटर तेल पुरे, हे मनाशी धर — बैठ्या कामाच्या पुरुषाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरचं तेल-तूप, असा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब आहे. वावरात राबणाऱ्याला थोडं जास्त चालतं. मोबाइलवर राबणाऱ्याला नाही.

७. तेलाचं भांडं चुलीजवळच्या फळीवरून आजच हलव — उष्णता आणि उजेड या दोघांनी तेलाचं हवेशी लवकर जुळतं, आणि वऱ्हाडातला मे महिना तर आयती भट्टी पेटवून देतो. *झाकलं ते टिकलं, उघडं ते खवटलं.*

८. जुन्या तेलावर नवं ओतू नको. बरणी रिकामी कर, धू, उन्हात कोरडी कर, मग भर — तळाशी उरलेल्या बिघडलेल्या तेलानं सुरू झालेली बिघाडाची साखळी नव्या तेलालाही ओढून नेते.

९. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल-तूप साठवू नको, ती कितीही लखलखीत असोत — तांबं स्निग्ध पदार्थ खवट होण्याचा वेग वाढवतं. स्टील किंवा काच बरी.

१०. एकाच तेलावर जन्म काढू नको, आलटूनपालटून वापरत जा — शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल जास्त, करडईच्या नेहमीच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलेइक आम्ल, आणि तिळाच्या तेलात सेसमॉलसारखे घटक असल्यानं ते उशिरा खवटतं. प्रत्येकाचं देणं निराळं आहे.

११. सरकीचं तेल घेशील तर शुद्ध केलेलंच घे, घाणीवरचं कच्चं नको — कपाशीच्या बीत गॉसिपॉल नावाचं विषारी रंगद्रव्य असतं आणि ते शुद्धीकरणातच निघतं.

१२. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापलंय म्हणून चार रुपये जास्त मोजू नको — झाडाच्या तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल मुळात नसतंच. ते प्राण्यांच्या अंगात तयार होतं.

१३. वनस्पती तुपातली बिस्किटं आणि खारी रोजची करू नको — तेल घट्ट करण्याच्या अर्धवट प्रक्रियेत काही साखळ्यांचा बाक नाहीसा होऊन ट्रान्स मेद बनतो, आणि तो हृदयाला वाईट. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हतं; आता २०२२ पासून देशात तेल-तुपातल्या ट्रान्स मेदाला २ टक्क्यांची मर्यादा आहे.

१४. जवस अख्खं साठव, कुटायचं तर आठवड्यापुरतं — त्याच्या तेलातला जवळपास निम्मा भाग ओमेगा-३ कुळातल्या अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्याला तीन दुहेरी बंध, म्हणून ते जितकं गुणाचं तितकंच लवकर बिघडणारं. अख्ख्या बीचं टरफल त्याला जपतं.

१५. शेंगदाणे, खोबरं, जुने तीळ डब्यातून काढले की आधी हुंग — खवटपणा हा चवीचा नखरा नाही, ती बिघडलेल्या मेदाम्लांची खूण आहे. *नाकाचं ऐकलं, त्याचं पोट वाचलं.*

चुलीपाशी

१६. फोडणीला तेल पळीनं मोज, धार सोडून नाही — मोहरी-जिऱ्याचा वास, हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेवढ्या कामाला दोन चमचे पुरतात. बाकीची तर्री नुसती डोळ्यांसाठी.

१७. सांबारवडीच्या पारीला मोहन कडकडीत घाल, पण बेतानं — गरम तेल पिठाच्या कणांना वेढून घेतं, पाण्यानं त्यांची चिवट जाळी होऊ देत नाही, म्हणून पारी खुसखुशीत होते. मोहन जास्त झालं तर वडी कढईतच सुटते आणि पाहुण्यांसमोर तुझं तोंड एवढंएवढं होतं.

१८. तेलातून धूर दिसला की आच कमी कर, ‘चांगलं तापलं’ म्हणून खूश होऊ नको — धूर म्हणजे साखळ्या तुटायला लागल्या आणि डोळे-घसा झोंबवणारा ॲक्रोलीन वायू सुटला.

१९. तळणीचं तेल गाळून एकदाच भाजीला वापर, पुन्हा पुन्हा कढईत नको — दर तापण्यागणिक त्यात बिघडलेले ध्रुवीय घटक साठतात. दुकानदारांनासुद्धा त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवणारा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. तेल काळं पडलं, चिकट झालं, त्यावर फेस धरला की त्याची माया सोड.

२०. कढईनं पेट घेतला तर पाणी टाकू नको, गॅस बंद कर आणि मोठं झाकण घाल — पाणी तेलाखाली बुडतं, क्षणात वाफ होऊन जळतं तेल छतापर्यंत उडवतं. *तापल्या तेलाला पाणी दाखवशील, तर घराला आग दाखवशील.* हे वाक्य घरातल्या लहान-थोर सगळ्यांकडून पाठ करून घे.

२१. उन्हाळ्यात ताक घुसळताना गार पाणी घाल, हिवाळ्यात थोडं कोमट — दुधातल्या स्निग्ध थेंबांना पातळ आवरण असतं. घुसळून ते फुटलं तरी फार उष्णतेत थेंब वितळलेले राहतात आणि लोण्याचा गोळा धरत नाही.

२२. तूप कढवताना तडतड थांबेपर्यंत आणि बेरी सोनेरी होईपर्यंत चुलीपासून हलू नको, आणि बरणीत नेहमी कोरडाच चमचा घाल — तूप टिकतं ते त्यात पाणी उरत नाही म्हणून. जंतूंना पाणी लागतं. ओल्या चमच्यानं ते तूच नेऊन देतेस.

२३. जावईबापूंना ठेचा झोंबला की पाण्याचा तांब्या देऊ नको, दही किंवा भाकरीवर लोणी दे — मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्याला दाद देत नाही, स्निग्धात विरघळतं.

२४. उरलेलं तेल मोरीत ओतू नको — ते थंड होऊन नळीत थर धरतं आणि दिवाळीच्या ऐन सकाळी मोरी तुंबते. कागदाला पुसून घे आणि कचऱ्यात टाक.

ताटात

२५. पालक, अंबाडी, गाजर, लाल कोहळं यांच्या भाजीला थोडं तरी तेल हवंच — त्यांच्यातलं कॅरोटीन स्निग्धाबरोबरच अंगी लागतं. अ, ड, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वं तेलाचा हात धरूनच आत येतात.

२६. बारीक व्हायचं म्हणून तेल-तूप पार बंद करायचं खूळ डोक्यात घेऊ नको — १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना अजिबात स्निग्ध नसलेला आहार दिला, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांची झाली आणि वाढ खुंटली. काही मेदाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात.

२७. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या वरणभातावरचं तूप कमी करू नको — पाणी वगळलं तर मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्धाचा आहे, आणि तो याच वयात भराभर वाढतो. आईच्या दुधातली जवळपास निम्मी शक्ती स्निग्धातून येते. निसर्गानं प्रमाण आधीच ठरवून दिलं आहे.

२८. म्हशीचं तूप पांढरं म्हणून त्याला कमी लेखू नको — गाईच्या तुपात कॅरोटीन तसंच उतरतं म्हणून ते पिवळं दिसतं. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करूनच तुपात पाठवते.

२९. शेव, चिवडा, आलुबोंडा यांचं तेलही महिन्याच्या हिशोबात धर — पळीत दिसलं नाही म्हणून पोटात गेलं नाही असं होत नाही. *पळी मोजली, शेव विसरली, तर वही खोटी पडली.*

३०. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांची रक्तातल्या मेदाची तपासणी करवून घे, आणि रिपोर्ट शेजारणीला न दाखवता डॉक्टरांना दाखव — रक्त पाण्याचं, त्यात कोलेस्टेरॉल विरघळत नाही, म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनात बसून फिरतं. यातलं एलडीएल नावाचं वेष्टन जास्त झालं तर ते धमन्यांच्या भिंतीत साचतं. चालू गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नको.

३१. कोलेस्टेरॉलला नुसता शत्रूही म्हणू नको — पेशींचं आवरण, पित्तरस, संप्रेरकं आणि ड जीवनसत्त्व ही सगळी त्याच्याच घराण्यातून येतात. दहा-अकराच्या उन्हात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ अंगणात बस. कातडीतला स्निग्ध पदार्थ त्या उन्हानंच ड जीवनसत्त्व होतो.

न्हाणीत

३२. टाचा भेगाळल्या की तेल कोरड्या पायाला लावू नको, आंघोळीनंतर ओलसर असतानाच लाव — तेल स्वतः ओलावा देत नाही, आत आहे तो उडून जाऊ देत नाही. कातडीच्या वरच्या थरातले स्निग्ध पदार्थही हेच काम करतात.

३३. हात धुताना साबण वीस सेकंद चोळ, नुसता दाखवू नको — साबणाचा रेणू एका टोकानं पाण्याला धरतो आणि दुसऱ्यानं स्निग्धाला. म्हणून तो मळ सोडवतो आणि करोनासारख्या विषाणूंचं स्निग्ध कवचही फोडतो. गाडगेबाबांच्या ऋणमोचनाच्या तालुक्यात राहतेस. स्वच्छतेचं आणखी मी काय सांगू?

३४. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून वडीच्या वडी झिजवू नको — आपला खारपाण पट्टा आहे. पाण्यातले क्षार साबणातल्या मेदाम्लाला पकडून त्याची पांढरी चिकट साय करतात आणि ती केसांत बसते. पावसाचं पाणी साठवून केस त्यानं धू, कपड्यांना डिटर्जंट पावडर वापर.

गोठ्यात आणि वावरात

३५. सरकीची ढेप दुभत्या म्हशीला घाल, लहान वासराला आणि कोंबड्यांना नको — मोठ्या जनावराच्या पोटातले जंतू गॉसिपॉलचा बराचसा बंदोबस्त करतात. वासराचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं, आणि कोंबडीला तसं पोटच नाही.

३६. दारं-चौकटींना जवसाचं तेल लावलंस तर त्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नको, पाण्यात बुडव किंवा मोकळ्यावर सुट्या पसर — हे तेल हवेशी जुळून वाळतं आणि वाळताना तापतं. चोळामोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते.

३७. फवारणीच्या पंपात स्टिकर सांगितल्याएवढंच घालायला सांग — पानावर मेणाचा थर असतो, त्यावरून पाणी ओघळून जातं. स्टिकर थेंब पसरवतं. जास्त घातलं तर औषध पानावर न राहता जमिनीत टिपकतं.

३८. फवारणीच्या दिवशी अंगाला तेल लावून कोणी वावरात जाणार नाही हे तू बघ; पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच — फवारणीची बरीच विषं स्निग्धात विरघळतात आणि कातडीतून आत शिरतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर गेले. आल्याबरोबर साबणानं आंघोळ, कपडे वेगळे, मगच चहा.

३९. विष पोटात गेलं तर तूप, तेल, दूध काही पाजू नको. डबा बरोबर घे आणि सरळ दवाखाना गाठ — स्निग्धात विरघळणारं विष त्या तुपाबरोबर आणखी लवकर रक्तात जातं. माया दाखवायला हा क्षण नाही, धावायला आहे.

४०. साप चावला तर जखमेला तेल-हळद, चिरा, मंत्र काही नको. पाय हलू न देता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात ने — नाग आणि घोणस यांच्या विषात फॉस्फोलिपेज नावाचं विकर असतं, ते पेशींच्या आवरणातलं फॉस्फोलिपिडच तोडतं. त्याला उतारा सुईतूनच मिळतो.

४१. येत्या रब्बीत हरभऱ्याच्या वावरात घरापुरत्या चार ओळी जवसाच्या टाक आणि धुऱ्याच्या कडेनं करडई पेर — आपल्या खाऱ्या, कोरडवाहू जमिनीत करडईचं मूळ खोल जातं आणि तिचे काटे मोकाट गुरांना आत येऊ देत नाहीत. बियाणं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला विचारून निवड. १९६९ पासून ते याच मातीसाठी काम करतं आहे. बी घरचं असलं की ताजं तेल आठवड्याला काढून आणता येतं, आणि पहिल्या घाणीचं अर्धा लिटर आत्याकडे पोचवायचं, हेही यातच धर.